पुण्यातील तरुणांनी सामाजिक कामाला सुरुवात कशी करावी

पुण्यात राहणाऱ्या आणि समाजासाठी काही करण्याची इच्छा असलेल्या तरुणाला कामाचा तुटवडा कधीच जाणवत नाही. त्याची अडचण उलट असते. एका रविवारी नदीकाठची स्वच्छता, पुढच्या रविवारी वृक्षारोपण, मग रक्तदान शिबिर, मग एखाद्या आश्रमात फळवाटप असे कार्यक्रम वर्षभर चालूच असतात. प्रत्येक ठिकाणी दोन-दोन तास दिले, तरी वर्षाच्या अखेरीस आपल्यामुळे नेमके काय बदलले, या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. जग सुधारण्याची इच्छा कितीही मोठी असली, तरी प्रत्यक्ष काम एका सोसायटीपुरते, एका रस्त्यापुरते किंवा एका विद्यार्थ्यापुरते ठेवावे आणि ते निदान वर्षभर नेटाने करावे, असे माझे मत आहे. पुढील सूचना याच मताला धरून दिल्या आहेत.

वय कमी आहे, ही सबब या शहरात तरी चालण्यासारखी नाही. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा जोतीराव फुले विशीच्या उंबरठ्यावर होते आणि सावित्रीबाई सतरा वर्षांच्या आसपास होत्या. त्यांच्या धैर्याचे वर्णन आपण नेहमी ऐकतो. परंतु शाळा चालवायची म्हणजे रोज ठरलेल्या वेळी जाऊन शिकवायचे, हा त्या कामातील कंटाळवाणा आणि तितकाच निर्णायक भाग सहसा कोणी सांगत नाही.

प्रश्न कसा निवडावा

निवडलेला प्रश्न आपल्याला रोज दिसणारा असावा, त्या जागी दर आठवड्याला पायी किंवा सायकलने पोचता यावे आणि त्या प्रश्नाची झळ बसणाऱ्या माणसांशी आपल्याला थेट बोलता यावे. ही तिसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे. पदपथ नसल्याचा त्रास कोणाला होतो, हे त्या रस्त्याने रोज मंडईत जाणाऱ्या आजींना विचारावे. बसथांब्यावर दिवे नसल्याचा त्रास रात्रपाळीवरून परतणाऱ्या परिचारिकेला विचारावा. पहिले तीन-चार आठवडे केवळ ऐकण्यात आणि लिहून ठेवण्यात घालवावेत. एक साधी वही घ्यावी आणि तीत तारीख, ठिकाण, कोण काय म्हणाले आणि आपण स्वतः काय पाहिले, एवढे नोंदवावे. या वहीचा उपयोग पुढे प्रत्येक टप्प्यावर होतो.

स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी मराठवाड्यातून आणि विदर्भातून येऊन सदाशिव पेठेतल्या किंवा नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये दिवस काढणाऱ्या मुलामुलींना एवढा वेळ नसतो, हे मान्य आहे. त्यांनी आठवड्याला तासाभरात होणारे काम निवडावे. तशी काही कामे पुढे दिली आहेत.

नवी संस्था काढू नये

उत्साहाच्या भरात पाच मित्र एकत्र येतात, नाव ठरते, बोधचिन्ह तयार होते, आणि तिथेच दमछाक होते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायची, तर किमान सात सभासद लागतात. त्यानंतर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील नोंदणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण, बँकेचे खाते असे व्याप मागे लागतात. ज्या मुलांना एका वस्तीतील दहा मुलांना गणित शिकवायचे होते, त्यांचे वर्ष कागदपत्रांत जाते. त्यापेक्षा निवडलेल्या प्रश्नावर आधीपासून कोण काम करीत आहे, याचा शोध घ्यावा आणि त्यांच्या हाताखाली निदान काही महिने काढावेत. महाविद्यालयात असाल, तर १९६९ पासून चालत आलेली राष्ट्रीय सेवा योजना जवळच असते. तिच्या शिबिराकडे केवळ गुणांसाठी न पाहता, शिबिर ज्या गावात झाले, त्याच्याशी ते संपल्यावरही संबंध ठेवता येतो का, ते पाहावे. मोठी सुट्टी मोकळी असेल, तर बाबा आमटे यांनी १९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी किंवा गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचा तरुणांसाठीचा ‘निर्माण’ हा उपक्रम यांची चौकशी करावी.

एक काम सविस्तर: आपल्या सोसायटीचा कचरा

सुरुवात कुठून करावी, हे सुचत नसेल, तर कचऱ्यापासून करावी. हे काम घराच्या दारात आहे, त्याला पैसे लागत नाहीत आणि त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ साली उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निर्माण झाली. शहराच्या मोठ्या भागात दारोदारी कचरा गोळा करण्याचे काम या संस्थेचे सदस्य करतात, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. घराघरांतून मिळणाऱ्या मासिक शुल्काखेरीज सुका कचरा विकून येणारे पैसे हा त्यांच्या कमाईचा महत्त्वाचा भाग असतो. म्हणून आमटी सांडलेला पुठ्ठा किंवा भाताने माखलेली पिशवी आपण डब्यात टाकतो, तेव्हा शहर घाण होते, एवढ्यावर ते थांबत नाही. समोर उभ्या असलेल्या बाईचे त्या दिवसाचे उत्पन्नही आपण कमी करतो.

पहिली पायरी म्हणजे रोज येणाऱ्या ताईंशी बोलणे. त्यांना घाई असते, तेव्हा त्यांची सवड विचारूनच बोलावे. कोणत्या मजल्यावरून कचरा एकत्र येतो, काच कशी येते, डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन उघडे येतात का, वर्गीकरण कोठे बसून करावे लागते, तिथे सावली आणि पाणी आहे का, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावे. शक्य झाल्यास त्यांच्या परवानगीने एक दिवस वर्गीकरणाला हात लावावा. हातमोजे घालून का होईना, दुसऱ्याच्या घरातील कचरा एकदा वेगळा करून पाहिला, की पुढे शेजाऱ्यांशी बोलताना शब्द शोधावे लागत नाहीत.

दुसरी पायरी सोसायटीच्या कार्यकारिणीची. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा, यासाठी पुरेसे दिवस आधी सचिवांना लेखी पत्र द्यावे. तरुण मुले बहुधा संस्थेची सभासद नसतात, त्यामुळे पत्रावर आईची किंवा वडिलांची सही घ्यावी लागेल. (घरातले हे पहिले मनपरिवर्तन पुष्कळदा सभेपेक्षा अवघड जाते.) पत्रात मागण्या थोड्या आणि करता येण्याजोग्या असाव्यात: वर्गीकरणासाठी छप्पर असलेली जागा, हात धुण्यासाठी नळ, ओल्या कचऱ्याच्या खतासाठी एक कोपरा.

तिसरी पायरी घरोघरी जाण्याची. लिफ्टमध्ये चिकटवलेली सूचना कोणी वाचत नाही; दार वाजवून दोन मिनिटे बोललेले लक्षात राहते. सांगायचे इतकेच: ओला आणि सुका कचरा वेगळ्या डब्यांत ठेवावा, दुधाची पिशवी विसळून वाळवावी, फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वेगळी द्यावी, आणि सॅनिटरी नॅपकिन किंवा डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा. ही लाल ठिपक्याची पद्धत पुण्यातील कचरावेचकांच्याच मागणीतून रूढ झाली आहे. दूध तापवण्यासाठी पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नये, हेही सांगावे, कारण तो बारीक तुकडा हमखास ओल्या कचऱ्यात जातो.

महिन्याभराने ताईंना पुन्हा विचारावे. ज्या घरांतून अजूनही एकत्र कचरा येतो, तिथे पुन्हा जावे. मात्र त्यांची नावे फलकावर लावू नयेत, कारण त्यामुळे कचरा वेगळा होण्याऐवजी भांडणेच वाढतात. पुणे शहराचा कचरा कित्येक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला आणि तेथील ग्रामस्थांना त्याविरुद्ध वारंवार आंदोलन करावे लागले, हे लहान मुलांना सांगितल्यास ती घरातल्यांच्या मागे लागतात, असा माझा अनुभव आहे.

महापालिकेकडे कसे जावे

काही प्रश्न सोसायटीच्या फाटकाबाहेरचे असतात. त्यांसाठी समाजमाध्यमावर छायाचित्र टाकण्याआधी क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. अर्ज एका पानाचा असावा, त्यात वहीतील तारखा आणि नेमके ठिकाण असावे, सोबत दोन छायाचित्रे जोडावीत आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज दिला नाही, असेच समजावे.

पुण्यातील तरुणांनी फारसा न वापरलेला एक मार्ग म्हणजे नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक. महापालिकेने हा उपक्रम २००६ च्या सुमारास सुरू केला. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात आपल्या प्रभागातील लहान कामे घ्यावीत, म्हणून नागरिक त्यात सूचना देतात. पदपथ, पथदिवे, बसथांबे, बाके, स्वच्छतागृहे अशी कामे त्यात सुचवता येतात. अर्ज मागवल्याची जाहीर सूचना साधारणपणे पावसाळ्याच्या उत्तरार्धात निघते, तेव्हा तिच्याकडे लक्ष ठेवावे. सूचना मोघम असू नये. ‘रस्ता सुधारावा’ असे लिहिण्याऐवजी कोणत्या चौकापासून कोणत्या शाळेपर्यंत, रस्त्याच्या कोणत्या बाजूला पदपथ हवा, हे लिहावे, आणि त्या शाळेतील पालकांनाही तीच सूचना स्वतंत्रपणे द्यायला सांगावे.

काम मंजूर होऊनही झाले नाही, किंवा झाले आणि एका पावसात उखडले, तर २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम उपयोगी पडतो. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. ते कोर्ट फी स्टॅम्पने भरता येते. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा. ‘काम असे का झाले?’ हा प्रश्न विचारू नये, कारण अधिकाऱ्याचे मत मागता येत नाही, कागद मागता येतो. म्हणून कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, अदा केलेली देयके आणि दोषदायित्व कालावधी नमूद केलेली कागदपत्रे यांच्या प्रती मागाव्यात. दोषदायित्व कालावधी संपलेला नसेल, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि हे कागदासह दाखवणाऱ्या नागरिकाचा अर्ज बाजूला सारणे कठीण होते. माहिती साधारणपणे ३० दिवसांत मिळाली पाहिजे. न मिळाल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करावे. भाषा शेवटपर्यंत सभ्य ठेवावी. कनिष्ठ अभियंत्याशी भांडून मिळणारे समाधान क्षणाचे असते, आणि पुढच्या कामासाठी पुन्हा त्याच टेबलापाशी उभे राहायचे असते.

वेळ कमी असणाऱ्यांसाठी

दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेत त्यांनी सांगितलेली उत्तरे लिहून देणारा लेखनिक लागतो, आणि ऐन वेळी नकार देणारे लेखनिक ही त्यांची मोठी चिंता असते. लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावे, असा सर्वसाधारण नियम असल्याने अकरावी-बारावीच्या मुलांना या कामाची विशेष संधी आहे. अशा परीक्षांत दर तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ मिळतो, तोही हिशेबात धरावा आणि एकदा होकार दिल्यावर काही झाले तरी जावे.

रक्तदान १८ ते ६५ वयोगटात, किमान ४५ किलो वजन आणि १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असल्यास करता येते. पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे. शिबिराची वाट न पाहता मे महिन्यात स्वतःहून रक्तपेढीत जावे, कारण महाविद्यालये बंद असल्याने त्या काळात दाते घटतात, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर काही आठवड्यांनी रक्त लागतच असते.

मतदार नोंदणीसाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात त्या तारखा) आहेत आणि सतरा वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. नव्या मतदाराच्या नोंदणीचा नमुना ६ हा अर्ज स्वतः भरून झाल्यावर वर्गातील इतरांचा भरून घ्यावा.

गणेश मंडळात असणाऱ्यांना तर वेगळी माणसे जमवण्याची गरजच नाही. ती आधीच जमलेली असतात. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती घरच्या घरी विरघळवण्यासाठी अमोनियम बायकार्बोनेट वापरण्याची पद्धत पुण्यातल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पुढे आणली. आपल्या आळीत ती पावडर कोठे मिळेल, पाणी किती घ्यावे, हे समजावून सांगण्याचे काम मंडळाने घ्यावे, तसेच विसर्जनाच्या दिवशी निर्माल्य वेगळे गोळा करावे.

वृक्षारोपणाबद्दल मात्र सावध राहावे. वेताळ टेकडीसारख्या टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या परदेशी झाडाची मोठी लागवड झाली, आणि स्थानिक गवताळ जागेचे महत्त्व बरेच उशिरा लक्षात आले. कोणते रोप, कोठे आणि पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, याची उत्तरे नसतील, तर जुलैमध्ये खड्डा खणू नये. लावलेल्या झाडांना एप्रिलमध्ये पाणी घालण्याची पाळी घ्यावी.

पैसे, छायाचित्रे आणि निरोप

वर्गणी स्वतःच्या खात्यावर घेऊ नये. ज्या संस्थेबरोबर काम करतो, तिच्या खात्यावर ती जावी आणि पावती द्यावी. वस्तीतील मुलांची छायाचित्रे पालकांना विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि काहीतरी वाटतानाची तर मुळीच काढू नयेत.

शिक्षण संपल्यावर अनेकांना बंगळुरूला किंवा परदेशी जावे लागते, किंवा परीक्षा तोंडावर येते. हे आधीच गृहीत धरून निघण्याच्या दोन महिने आधी जागा घेणारी व्यक्ती शोधावी. वही, अर्जांच्या पोची, क्षेत्रीय कार्यालयात कोणत्या टेबलाशी काम पडते याची टिपणे आणि प्रलंबित अपिलांच्या तारखा तिच्याकडे द्याव्यात. पहिल्या दोन-तीन भेटींना तिला बरोबर न्यावे, आणि नंतरच्या एका भेटीला तिला एकटीला जाऊ द्यावे, म्हणजे काय राहून गेले आहे, ते आपण शहरात असतानाच कळते.