मांजर ओट्यावर चढते? आधी तिला तिथं काय मिळतं ते बघा

आमची भुरी आली तेव्हा मुठीएवढी होती, ओट्यावर चढायचा प्रश्नच नव्हता. पण सहा महिन्यात जमिनीवरून थेट गॅसशेजारी उडी, ओटा पावणेतीन फुटाचा, मांजरीला ते काहीच नाही. मी ओरडायचे, सासूबाई लाटणं आपटायच्या, ती आरामात उतरायची आणि आमची पाठ फिरली की परत वर. आणि सासूबाईंचं ठरलेलं, "तिले काय समजस!"

समजतं हो तिला. ओरडलं की ती एवढंच शिकते, की ही बाई समोर असली की चढायचं नाही, नसली की मोकळं रान. पाणी फवारलं तरी तेच होतं, वर ती आपल्यालाच घाबरायला लागते.

म्हणून आधी दोन-तीन दिवस काही करू नका, नुसतं बघा. कधी चढते, चढून कुठं जाते. कुणाला दुधाचा वास खेचतो, कुणाला नळाचं थेंब थेंब पाणी, कुणाला खिडकीतून चिमण्या बघायच्या असतात, आणि काहींना फक्त आपण ओरडून का होईना लक्ष दिलेलं हवं असतं. भुरीचं बघितलं तर दुपारी एक ते चार ती कडप्प्यावर पोट टेकून सपाट पडलेली. मे महिना, अमळनेर, पारा चव्वेचाळीसच्या पुढे, कूलर हॉलमध्ये, फरशीसुद्धा तापलेली, अख्ख्या घरात गार जागा तेवढीच. दुसरी वेळ संध्याकाळी, दूध तापवताना. म्हणजे कारणं दोन, तर उपायही दोन.

मग ओट्यावरची कमाई बंद करा. दूध झाकून नाही, फ्रीजमध्येच, झाकण पाडायला तिला दोन मिनिटं लागतात. खरकटं लगेच धुवायचं, नळ गळत असेल तर वायसर बदला. दहा वेळा काही नाही मिळालं आणि अकराव्यांदा साय मिळाली तर ती पुढच्या वीस वेळा चढून बघणार, लॉटरीसारखंच आहे ते.

इथं माझी फजिती सांगते. बामणोदची वांगी आणलेली, भाजून ठेचून भरीत परातीत काढलं, कांद्याची पात, लसूण, मिरची सगळं घालून, आणि दारावर कुरिअरवाला आला. परत आले तर बाईसाहेबांचं तोंड परातीत, मिशांना तेल. कांदा-लसूण मांजरीला विषारी असतो, कच्चा शिजवलेला सुका कसाही, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्रास कधीकधी चार दिवसांनी दिसतो. तशीच पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेली. नुसतं तेल चाटलं होतं, निभावलं. पण ओटा म्हणजे फक्त स्वच्छतेची भानगड नाही हे तेव्हा डोक्यात शिरलं, तापलेल्या बर्नरवर पाय पडला तर तो वेगळाच खेळ.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तिला दुसरी जागा द्या. खाली टोपली ठेवून चालत नाही, मांजरीला उंचावरून सगळ्यांवर नजर ठेवायची असते. आम्ही स्वयंपाकघराच्या दारात ओट्याएवढाच उंच स्टूल ठेवला. गल्लीत एकांच्या घराचं काम चालू होतं, तिथून कडप्प्याचा तुटका तुकडा मागून आणला, कडा घासून स्टुलावर ठेवला, खाली जुनी गोणपाटाची घडी म्हणजे सरकत नाही. कूलरची थोडी हवा येते तिथं. पहिल्याच दुपारी जाऊन बसली ती.

पण स्वयंपाकाच्या वेळी बसवायला शिकवावं लागलं. उकडलेल्या चिकनचे बिनमिठाचे नखाएवढे तुकडे घ्यायचे, किंवा तिचेच कोरडे दाणे. जेवणाच्या आधी, भूक असताना. स्टुलावर दोनदा टिचकी, ती चढली की "बस" म्हणायचं आणि लगेच तुकडा, दोन सेकंदाच्या आत, उशीर झाला तर कशाचं बक्षीस हे तिला कळत नाही. दोन-तीन मिनिटं बास, दिवसातून दोनदा. जमलं की भाजी चिरता चिरता ती बसलेली असेल तर अर्ध्या मिनिटाने एक द्या, मग हळूहळू अंतर वाढवा.

मध्येच ओट्यावर आली तर ओरडू नका, बोलू नका, बोटाने स्टूल दाखवा. तिथं गेल्यावर लगेच खाऊ नको, पाच-दहा सेकंद बसू द्या. आम्ही लगेच द्यायचो, तर भुरी मुद्दाम ओट्यावर चढायची, स्वतःच उतरायची आणि स्टुलावर जाऊन खाऊ मागायची. शिकवत कोण कुणाला होतं काय माहीत.

पहिल्या आठवड्यात चढणं उलट वाढतं. सवयीने जे मिळत होतं ते का मिळत नाही म्हणून ती जोर लावते. तिथंच घरातलं कुणीतरी विरघळतं आणि "एकच बार" म्हणून ओट्यावरच साय चाटवतं, आमच्याकडे कोण ते सांगत नाही.

घरात कुणी नसताना दार लावा. दार नसेल तर पुठ्ठ्याला दोन्हीकडून चिकटणारी टेप लावून कडेला ठेवा, बऱ्याच मांजरींना पायाला चिकटलेलं आवडत नाही. फॉइल अंथरा असंही सांगतात, भुरी तिसऱ्या दिवशी त्यावर झोपली.

डांबरगोळ्या, फिनाईल, निलगिरीचं तेल, मिरचीपूड मात्र अजिबात नको. मांजर पाय चाटते, जे पायाला लागतं ते पोटात जातं, आणि फिनाईलसारख्या गोष्टी तिच्या लिव्हरला पचवता येत नाहीत.

आम्हाला दीड महिना लागला. पहाटे अजूनही कधीतरी चढते, सकाळी कडप्प्यावर पावलं उमटलेली असतात. भाकरी थापायच्या आधी साबणाच्या पाण्याने ओटा पुसून घेते मी, मांजर नसतं तरी पुसावाच लागला असता, पाली काय कमी फिरतात.