दहिवरलेली झाडं कृष्णधवल टिपताना निळा रंग जपून उतरवा

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गवतावर दंव गोठतं, पण बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पांढरं झालेलं झाड हवं असेल तर काश्मीर गाठा. २१ डिसेंबरला तिथे कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, चिल्लई कलान, लागतो. रात्र निरभ्र, वारा पडलेला आणि जवळ वाहतं पाणी, एवढं जुळलं की हवेतली वाफ थेट काडीवर गोठते; हेच दहिवर. पहलगामला लिद्दर नदीकाठची विलोची झाडं माझी सगळ्यात आवडती. चिनार भव्य खरा, पण दहिवर खुलतं ते बारीक फांद्यांवर.

ऊन यायच्या अर्धा तास आधी जागेवर असा. ऊन चढलं की झाड बघता बघता झडून मोकळं होतं. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा. झाडामागे काहीतरी गर्द हवं, देवदारांची उतरण किंवा सावलीतला डोंगर. धुक्यापुढे पांढरं झाड हरवतं.

फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच काढा. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो, म्हणून चौकटीत पांढरं जास्त असेल तर एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). देवदार जास्त असतील तर वाढवू नका, दहिवर जळून जाईल, म्हणजे तपशील न उरता नुसतं पांढरं दिसेल.

खरी कसोटी घरी, संगणकापुढे. जो तो सांगतो की कृष्णधवल करा आणि निळ्या भागांची उजळी कमी-जास्त करणारा निळ्याचा स्लायडर पार खाली ओढा, आकाश काळंभोर होतं. होतं खरं. मी दोन हिवाळे तेच केलं आणि एकही फोटो छापण्याजोगा निघाला नाही. आकाश जबरदस्त, आणि झाडाची सावलीकडची बाजू राखेत लोळल्यासारखी.

कारण कळायला मला फार वेळ लागला. सावलीतल्या दहिवराला उजेड मिळतो तो निळ्या आकाशाचा. डोळ्याला ते पांढरं वाटतं, फाइलमध्ये ते निळं असतं. रंगीत फोटो भरपूर मोठा करून एकच काडी बघा: तिच्यावर सुईसारखे स्फटिक उभे असतात, उन्हाकडचे पिवळसर, पलीकडचे स्पष्ट निळे. निळा उतरवला की आकाशाबरोबर हे स्फटिकही काळवंडतात, वर नॉइजचे दाणे उठतात. ते नंतर नीट साफ होत नाहीत.

म्हणून आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळणी. फोटो रंगीत असतानाच तो सावलीतल्या एका पांढऱ्या फांदीवर जुळवा. फांदीचा निळेपणा जातो, आकाशात थोडा उरतोच. मग कृष्णधवल करा आणि निळा उणे ३०च्या पुढे नेऊ नका. आकाशाला वेगळा मास्क लावायचा, म्हणजे तेवढाच भाग निवडून बदलायचा, सल्लाही ऐकू नका. बारीक फांद्यांभोवती पांढुरकी कड उमटते आणि झाड कापून चिकटवल्यासारखं दिसतं. आकाश गडद हवं असेल तर फोटो काढतानाच भिंगावर पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) लावा आणि सूर्य खांद्याच्या बाजूला ठेवून उभे राहा. कॉन्ट्रास्ट सगळ्यात शेवटी, तोही चिमूटभर.

बाहेरून खोलीत आलात की कॅमेरा तासभर बंद बॅगेतच राहू द्या. बुखारीपाशी, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीपाशी, लगेच काढला तर भिंगावर पाणी धरतं.

छापण्याआधी एक छोटी प्रत काढा आणि सावलीतली तीच काडी खिडकीच्या उजेडात बघा. स्फटिक एकेक वेगळे दिसले, तरच मोठी प्रत काढा.