बर्फात कॅमेऱ्याची बॅटरी टिकवायची सोपी युक्ती

पुण्यातून डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला ट्रेकला जाणाऱ्यांची झुंबड असते, आणि वर 12,500 फुटांवर ऐन सूर्योदयाला कॅमेरा 'बॅटरी संपली' दाखवून बंद पडतो. बहुतेक वेळा ती संपलेली नसते, नुसती गारठलेली असते, तेव्हा घाबरू नका.

1. रात्री बॅटऱ्या काढून मोज्यात घाला आणि स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी ठेवा, पायाशी नको. फोन पण तिथंच.

2. चढताना एक कॅमेऱ्यात आणि दुसरी आतल्या फ्लीसच्या खिशात, बाहेरच्या जॅकेटच्या खिशाचा काही उपयोग नाही, तिथं ती तेवढीच गार होते. कॅमेऱ्यातलीनं मान टाकली की अदलाबदल करायची, आणि काढलेली सॅकमध्ये टाकून न देता परत अंगाशीच ठेवायची, थोडी ऊब लागली की अजून बरेच फोटो देते.

3. मोठ्या ग्लोव्हजच्या आत पातळ लायनर, म्हणजे आतले हातमोजे, घाला. उघड्या बोटांनी बॅटरी बदलायला गेलात आणि ती बर्फात पडली की बसा शोधत.

जाता जाता, बर्फ राखाडी येत असेल तर कॅमेऱ्यात एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, +1 करा, फोनवर स्क्रीनला टच करून ब्राइटनेस जरा वर सरकवा.

एक मात्र सांभाळा, गरम खोलीत शिरायच्या आधी, बाहेरच, कॅमेरा झिपलॉक पिशवीत बंद करा आणि तासदोनतास उघडू नका, नाहीतर लेन्सवर पाणी धरतं. मेमरी कार्ड तेवढं आधी काढून घ्या, कारण ग्रुपमधल्या कुणालाच तेवढा धीर नसतो.