अनुदान मंजूर झाले, पण खात्यावर आले नाही: शेतकऱ्यांनी या चुका टाळा

महाराष्ट्रात ठिबक, शेततळे, कृषी अवजारे, फळबाग अशा बहुतेक अनुदानांचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या एकाच संकेतस्थळावर करावा लागतो आणि १५ एप्रिल २०२५ पासून त्यासाठी ॲग्रिस्टॅकचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा, शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. अर्ज करणे त्यामुळे सोपे झाले, पण अनुदान हातात पडणे तितकेसे सोपे झालेले नाही. अपात्र म्हणून अनुदान नाकारले जाणारे शेतकरी असतातच. परंतु पूर्णपणे पात्र असूनही क्रम चुकल्यामुळे किंवा एका कागदाचा दुसऱ्या कागदाशी मेळ न बसल्यामुळे ज्यांचे पैसे अडकतात, त्यांची हळहळ अधिक असते, कारण त्यांतील बहुतेक चुका वेळीच टाळता आल्या असत्या.

आधी खरेदी, मग पूर्वसंमती

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. निवड झाल्याचा संदेश आला म्हणजे अनुदान मिळालेच, असे समजून शेतकरी थेट दुकान गाठतो. प्रत्यक्षात निवडीनंतर सातबारा, आठ-अ, दरपत्रक, अवजाराचा तपासणी अहवाल आणि ट्रॅक्टरचलित अवजार असेल तर ट्रॅक्टरचे नोंदणी पुस्तक अशी कागदपत्रे अपलोड करावी लागतात, त्यांची छाननी होते आणि त्यानंतर पूर्वसंमती पत्र, म्हणजे खरेदीला कृषी विभागाची लेखी परवानगी, मिळते. खरेदी करायची ती या पत्राच्या तारखेनंतर आणि त्यात दिलेल्या मुदतीच्या आत. लागवड तोंडावर आलेली असताना ठिबकचा संच थांबवून ठेवणे जिवावर येते, हे खरे आहे. पण पूर्वसंमतीआधीच्या तारखेचे बिल मोका तपासणीत, म्हणजे शेतावर येऊन होणाऱ्या पाहणीत, टिकत नाही. ‘बिल आपण नंतरच्या तारखेचे लावू’ असे सांगणारा विक्रेता भेटला तर त्याच्यापासून दूरच राहावे, कारण खोट्या तारखेच्या बिलाची जबाबदारी शेवटी अर्जदारावरच येते.

पूर्वसंमती ज्या बाबीसाठी मिळाली, तीच बाब घ्यावी लागते. पाच फुटी रोटाव्हेटरला मंजुरी असताना दुकानात सहा फुटी चांगला वाटला म्हणून तो घेतला, तर यंत्र उत्तम असूनही प्रस्ताव अडकतो. बिल मुलाच्या नावावर आणि अर्ज वडिलांच्या नावावर, रक्कम रोखीने दिलेली, बिलावरचा अनुक्रमांक यंत्रावरच्या क्रमांकाशी न जुळणारा, या गोष्टी तपासणीला आलेल्या कृषी सहायकाच्या लगेच नजरेत येतात. रक्कम अर्जदाराच्या स्वतःच्या खात्यातून विक्रेत्याच्या खात्यात द्यावी आणि दुकानातून निघण्यापूर्वी यंत्रावर ठोकलेला क्रमांक बिलाशी पडताळून घ्यावा.

रकमेबाबतचा गैरसमजही इथेच दूर करायला हवा. ठिबक आणि तुषार सिंचनासाठी केंद्राचे अनुदान आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतील पूरक अनुदान मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, तर इतरांना ७५ टक्के मिळतात, पण ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर असते, विक्रेत्याच्या बिलावर नव्हे. ट्रॅक्टरसाठी तर अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ‘५० टक्के किंवा १.२५ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती’ अशी मर्यादा अनेक वर्षे राहिली आहे. आठ लाखांच्या ट्रॅक्टरवर चार लाख मिळतील या हिशेबाने ज्याने कर्ज काढले, त्याचे गणित पहिल्याच हप्त्याला कोलमडते.

दुसऱ्याचा मोबाइल क्रमांक

गावातल्या सेवा केंद्रात अर्ज भरताना ओटीपीची खटपट नको म्हणून केंद्रचालक स्वतःचाच क्रमांक टाकतो आणि शेतकरीही त्याला हरकत घेत नाही. पुढे निवडीचा संदेश, कागदपत्रांची मुदत, त्रुटीची सूचना हे सगळे त्या चालकाच्या फोनवर जाते, जिथे अशा शेकडो संदेशांत ते हरवून जाते. मुदत टळली की अर्ज रद्द होतो आणि शेतकऱ्याला वाटते, आपला नंबरच लागला नाही. केंद्रचालकाला दोष देणे सोपे आहे, पण अर्जाची पावती हातात घेऊन तिच्यावरचा क्रमांक वाचणे हे काम अर्जदाराचेच आहे. आधारशी जोडलेला क्रमांक बंद पडला असेल तर तो आधी आधार केंद्रात बदलून घ्यावा.

बँक खाते आणि आधार

‘खात्याला आधार जोडले आहे’ असे बँकेने सांगितले, तरी थेट लाभाचे पैसे त्या खात्यात येतीलच असे नाही. हे पैसे आधार क्रमांकावर पाठवले जातात आणि राष्ट्रीय देयक महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या नोंदीत त्या आधारसमोर जी बँक सर्वांत शेवटी नोंदलेली असते, तिच्यात जमा होतात. जिल्हा बँकेत रोजचा व्यवहार असणाऱ्याने मध्येच मोबाइलवरून दुसरे खाते उघडले, तर पीएम किसानचा हप्ता त्या विसरलेल्या खात्यात पडून राहू शकतो. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे त्याची, स्थिती पाहिली की बँकेचे नाव समोर येते.

अर्धवट शेतकरी ओळख क्रमांक

ओळख क्रमांक काढताना घाईघाईत एकच गट जोडला जातो आणि दुसऱ्या गावातली किंवा सामाईक खात्यातली जमीन राहून जाते. मग त्या राहिलेल्या गटावर विहीर किंवा फळबाग घ्यायची वेळ आली की अर्जात तो गट दिसतच नाही. वडील वारले असूनही वारस नोंद झालेली नसेल तर अडचण आणखी खोल असते. फेरफार मंजूर होऊन सातबारावर नाव चढेपर्यंत पुढचे काहीच हलत नाही. सातबारावर एक नाव आणि आधारवर दुसरेच, अशी तफावत असेल तर तीही अर्जापूर्वीच तलाठ्याकडून किंवा आधार केंद्रातून दुरुस्त करून घ्यावी.

पीक पाहणी आणि पीक विमा

ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातील पिकाची मोबाइल ॲपवरून सातबाऱ्यासाठी करायची नोंद, २०२१ पासून सुरू असली तरी ती दुसऱ्याने कधीतरी करायची गोष्ट, असे अनेकांना अजून वाटते. विम्याच्या अर्जात सोयाबीन आणि पाहणीत तूर असेल, तर दावा अडचणीत येतो. एक रुपयात पीक विमा ही सवलत २०२५ च्या खरिपापासून बंद झाली असून आता खरिपासाठी विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी ५ टक्क्यांपर्यंत हिस्सा शेतकऱ्याला भरावा लागतो. स्वतःचे पैसे गुंतलेले असताना पाहणी चुकवणे अधिकच परवडणारे नाही.

पीएम किसानचे वार्षिक ६,००० रुपये आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे तेवढेच मिळतात. नमोसाठी वेगळा अर्ज नसतो, त्यामुळे तो भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला सरळ नकार द्यावा. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाने येणारी एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) तर उघडूच नये, कारण तिच्यातून फोनचा ताबा जाऊन खाते रिकामे होऊ शकते.

अर्ज परत आला तर

‘त्रुटीसाठी परत’ आणि ‘रद्द’ या दोन वेगळ्या स्थिती आहेत. पहिल्या स्थितीत नेमके कोणते कागदपत्र अस्पष्ट किंवा चुकीचे आहे हे खात्यात लॉगिन करून पाहावे आणि तेवढेच दुरुस्त करून मुदतीत पुन्हा अपलोड करावे. नवा अर्ज केल्यास आधीची जागा जाते. अर्ज रद्द झाला आणि कारण पटले नाही, तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी निवेदन द्यावे, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि उत्तर न आल्यास माहिती अधिकारात छाननीचा शेरा मागावा, ज्याचे उत्तर ३० दिवसांत देणे कार्यालयावर बंधनकारक असते.