कंटेनर उशिरा उचलल्याचा दंड: तो कसा लागतो, कसा टाळायचा

जहाजावरून उतरलेला कंटेनर ठरावीक दिवस बंदरात फुकट राहतो. याला फ्री टाइम म्हणतात. तो संपल्यावर कंटेनर टर्मिनलमध्येच (बंदरातल्या कंटेनर ठेवायच्या जागेत) असेल तर शिपिंग लाइनचा, म्हणजे जहाज कंपनीचा, डेमरेज लागतो. बाहेर नेल्यावर रिकामा परत द्यायला उशीर झाला तर डिटेन्शन. जागेचं भाडं टर्मिनल वेगळं लावू शकतं, म्हणजे एकाच दिवसाची दोन बिलं येऊ शकतात.

दर टप्प्याटप्प्याने चढतो. समजा फ्री टाइम ५ दिवस आहे आणि कंटेनर ९व्या दिवशी उचलला. पहिल्या ३ जादा दिवसांचा दर रोज १०० आणि पुढे २०० असेल, तर ४ दिवसांचे ५०० होतात, तेही प्रत्येक कंटेनरमागे. शीतकंटेनरला विजेचा आकार वेगळा.

बुकिंगच्या आधीच लेखी विचारा: दिवस कधीपासून मोजणार? सुट्ट्या धरणार का? डेमरेज आणि डिटेन्शनचे दिवस वेगळे की एकत्र? जादा दिवस मागायचे तर तेव्हाच मागा. माल बंदरात अडकल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही.

उशीर अनेकदा ट्रकमुळे नाही, कागदांमुळे होतो. मूळ बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याचा आणि त्यावरच्या हक्काचा कागद) हाती नसेल तर शिपिंग लाइन डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडण्याचा आदेश, देत नाही. जवळच्या बंदरातून येणारं जहाज हा कागद आणणाऱ्या कुरियरच्या आधी पोचू शकतं, हे लक्षात ठेवा. अशा वेळी सी वेबिल (ज्यात मूळ कागद दाखवावा लागत नाही) घ्या किंवा मूळ बिल ऑफ लेडिंग लोडिंगच्या बंदरातच सरेंडर करायला, म्हणजे शिपिंग लाइनकडे परत द्यायला, पुरवठादाराला सांगा. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग यांतली वजनं, नगसंख्या, नावं जहाज निघतानाच ताडून पाहा. एका आकड्याच्या फरकानेही कस्टम्स अडवू शकतं. नियम परवानगी देत असतील तर कस्टम्सचे कागद जहाज लागण्याआधीच भरा.

जहाजाची तारीख रोज बघा, ती सरकते. ट्रक आणि टर्मिनलच्या गेटची वेळ आधी धरून ठेवा, पण डिलिव्हरी ऑर्डरची मुदत तपासूनच. ती संपली तर ट्रक गेटवरून रिकामा परततो.

रिकामा कंटेनर कोणत्या यार्डात द्यायचा ते निघण्याआधी पक्कं करा; यार्ड बदलतात. तिथली पावती घ्या, नाहीतर परत केल्याचा पुरावा नाही.

दंडाचं बिल आलं की कंटेनर उतरल्याची आणि गेटबाहेर पडल्याची तारीख स्वतः मोजा. गेटची वेळ मिळत नव्हती किंवा यार्डाने कंटेनर नाकारला, तर त्याच दिवशी स्क्रीनशॉट आणि ईमेल ठेवा. तक्रारीची मुदत बिलावर किंवा दरपत्रकात असते, ती चुकवू नका.