गाडीची चावी हरवली, झिजली, बंद पडली? या चुका टाळा

गाडीच्या चाव्यांचं काम करताना रोज एकच गैरसमज समोर येतो. लोकांना चावी म्हणजे एक वस्तू वाटते. सुरुवातीच्या मारुती ८०० च्या काळात ते खरंही होतं, धातूचं पातं कापलं की काम झालं. आजच्या चावीच्या कव्हरमध्ये मात्र तीन स्वतंत्र गोष्टी असतात: कुलूप फिरवणारं पातं, इंजिनाला परवानगी देणारी चिप आणि दारं उघडणारा रिमोट. रिमोटला सेल लागतो, चिपला लागत नाही. इग्निशनभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी घातली की ते साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरींनी चिपला तेवढ्यापुरती वीज देतं, चिप आपला कोड सांगते आणि तो जुळला तरच इमोबिलायझर, म्हणजे गाडीतली चोरी रोखणारी यंत्रणा, इंजिन चालू राहू देतो. बिघाड या तिघांपैकी कशात आहे हे न पाहता पैसे खर्च करणं, ही सगळ्या चुकांची आई.

कव्हर बदललं आणि गाडी बंद पडली

बटणांचं रबर फाटतं, चावीचा गळा तुटतो. मग लोक ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांचं रिकामं कव्हर मागवतात आणि व्हिडिओ बघून घरीच बदलतात. त्यात गैर काही नाही. पण व्हिडिओतली चावी आणि तुमची चावी एक नसते. काही चाव्यांत चिप रिमोटच्या सर्किटवरच असते. बऱ्याच चाव्यांत मात्र ती सुटी असते, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, काळी, कव्हरच्या एका खाचेत घट्ट बसवलेली. सर्किट काढलं, पातं काढलं, आता आत काय उरलंय, असं म्हणून जुनं कव्हर फेकलं जातं आणि त्याच्यासोबत चिपही जाते.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात एक गृहस्थ असेच आले होते. कोकणात गावी जायचं होतं. नवीन कव्हर बसवल्यावर रिमोटनं दारं उघडत होती, पातं फिरत होतं, इंजिन चालू व्हायचं आणि दोन सेकंदांत बंद पडायचं. रिमोट चालतोय म्हणजे चावी ठीक, असं धरून त्यांनी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं आधी बॅटरी बदलली, मग पेट्रोलचा पंप. डॅशबोर्डवर चावीचं चित्र असलेला दिवा सारखा लुकलुकत होता, त्याच्याकडे कोणी पाहिलंच नाही. मी चावी उघडली तर चिपची जागा रिकामी. जुनं कव्हर कुठाय विचारलं, तर ते घंटागाडीत गेलं होतं. दुसरी चावी? ती पूर्वीच हरवली होती, ‘एकीवर भागतंय’ म्हणून केली नव्हती. म्हणजे कव्हर बदलण्यापासून सुरू झालेलं काम ‘एकही चावी नाही’ इथवर पोचलं, आणि हे चावीच्या धंद्यातलं सगळ्यात महाग काम. घरची मंडळी एसटीनं पुढे गेली, गाडी मागे राहिली.

माझी सवय सांगतो. जुनं कव्हर नवीन चावीनं गाडी निदान आठवडाभर चालल्याशिवाय टाकायचं नाही. आणि कव्हर उघडल्यावर, काहीही बाहेर काढण्याआधी, आतल्या प्रत्येक गोष्टीचा फोटो काढायचा. चिप काढताना पक्कड लावायची नाही, ती फुटते. नाजूक टोकानं, खालून हलकेच उचलायची.

इंजिन फिरतंय पण पकडत नाही, किंवा पकडून लगेच बंद पडतंय, अशा वेळी कोणालाही फोन करण्याआधी दुसरी चावी लावून बघा. तिनं गाडी चालली तर दोष पहिल्या चावीत. दोन्हींनी नाही चालली तर दोष बहुतेक गाडीत. या एका तपासणीला काही खर्च नाही आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोडे ती करून येतात.

झिजलेल्या चावीची नक्कल

हा माझा दुसरा रागाचा विषय. चावी जरा बाहेर ओढून, थोडी डावीकडे दाबून मग फिरवावी लागते, अशी अवस्था आली की लोक रस्त्यावरच्या मशीनवर तिची डुप्लिकेट करून घेतात. नक्कल करणारं मशीन समोरच्या चावीचा आकार जसाच्या तसा उतरवतं. झीज असेल तर झीजही उतरवतं, वर स्वतःची थोडी चूक घालतं. मग त्या डुप्लिकेटची पुन्हा डुप्लिकेट होते. तिसऱ्या पिढीला कुलूप दाद देत नाही, आणि मग हात जोर लावतो. पातं बॅरलमध्ये, म्हणजे कुलपाच्या आतल्या फिरत्या भागात, मोडतं.

मोडलेला तुकडा काढायला फेविक्विक लावून दुसरा तुकडा चिकटवण्याची युक्ती कोणी काढली कोण जाणे. गोंद आतल्या पत्तींवर जातो आणि पाच मिनिटांचं काम बॅरल बदलण्यावर येतं. तुकडा मोडला तर काहीही आत घालू नका, दुसऱ्या चावीनं त्याला आत ढकलू नका. तुटलेला बाहेरचा भाग मात्र जपून ठेवा, चिप त्यातच आहे.

झिजलेल्या चावीवरून नवी करायची असेल तर ती नंबरवरून कापून घ्यायला हवी. नव्या गाडीसोबत बहुतेकदा एक छोटी धातूची किंवा प्लॅस्टिकची पट्टी येते, तिच्यावर चावीचा नंबर असतो. त्या नंबरावरून मूळ खाचांची खोली कळते आणि कारखान्यातून निघाली तशी चावी कापता येते. पट्टी नसेल तर जाणकार माणूस झिजलेली चावी मोजून मूळ खोली ठरवतो. त्याला वेळ लागतो. ‘दहा मिनिटांत द्या, खाली गाडी उभी आहे’ म्हणणाऱ्याला मी हे काम करून देत नाही. पट्टी गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नका, घरी कागदपत्रांत ठेवा. आणि चावीचा स्पष्ट फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. नव्या गाडीच्या आनंदात लोक हेच करतात. खाचा दिसणाऱ्या फोटोवरून पातं कापता येतं.

कुलूप जड झालं की आपल्याकडे खोबरेल तेल घालतात. थंडीत ते गोठतं, एरवी धूळ धरून ठेवतं. कोरडी ग्रॅफाइट पावडर वापरा, ती नसेल तर पेन्सिलचं शिसं चावीवर घासून चावी चार-पाच वेळा आत-बाहेर करा.

सेलच्या बाबतीत

सेलवरचा नंबर नीट वाचा. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. सीआर २०२५ तेवढाच रुंद, पण २.५ मिलिमीटर जाड. दोन्ही ३ व्होल्टचे, म्हणून पातळ सेलखाली कागदाची घडी घालून भागवणारे आहेत. नका करू. पत्र्याचा स्पर्श अधूनमधून सुटतो आणि रिमोट खराब झाल्याचा भास होतो. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागेल असा कुठेही टाकू नका. गिळला गेला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत गंभीर इजा करतो. शंका आली तरी थेट दवाखाना गाठायचा, वाट बघायची नाही.

बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीच्या स्मार्ट चावीचा सेल रस्त्यात संपला तर गाडी टो करू नका. चावीच्या आत लपलेलं पातं काढा, त्यानं दार उघडा. ड्रायव्हरच्या दाराचं भोक काही गाड्यांत झाकणाखाली असतं. मग ब्रेक किंवा क्लच दाबून चावी स्टार्ट बटणाला अगदी टेकवून धरा आणि बटण दाबा. काही गाड्यांत यासाठी वेगळी जागा असते, ती मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. हे एकदा घरी, उजेडात, करून बघा.

पावसात किंवा धुण्यात भिजलेली चावी तांदळाच्या डब्यात ठेवून उपयोग नाही. सर्किटला गंज लावणारं काम सेलची वीज आणि ओलावा मिळून करतात. आधी सेल काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं मऊ ब्रशनं पुसा, पूर्ण वाळल्यावरच नवा सेल.

हरवल्यावर

नवीन चावी केली म्हणजे हरवलेली निकामी झाली, असं नाही. ती गाडीच्या मेमरीत तशीच असते. प्रोग्रामिंग करताना, म्हणजे नव्या चावीची गाडीत नोंद करताना, जुन्या नोंदी पुसायला स्पष्ट सांगा आणि त्यासाठी घरातल्या उरलेल्या सगळ्या चाव्या सोबत आणा. घरी राहिलेली चावीही पुसली जाते आणि मग तिच्यासाठी पुन्हा फेरी. पुसल्यावरही हरवलेल्या चावीचं पातं दार उघडू शकतं, फक्त इंजिन चालू होणार नाही. चावी चोरीला गेली असेल तर कुलपाचाही विचार करा.

चिपची नुसती नक्कल केली असेल तर गाडीला दोन्ही चाव्या एकच वाटतात. मग त्यांतली एक हरवली तर तिला वेगळी करून पुसता येत नाही. दुसऱ्या गाडीची वापरलेली स्मार्ट चावी स्वस्तात घेऊ नका, अनेक कंपन्यांच्या चाव्या एकदा जोडल्यावर पहिल्या गाडीशी बांधलेल्या राहतात.

जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या मागा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, आणि एकच दाखवलीत तर दावा अडकतो. हरवलेल्या चावीची पोलिसांकडे नोंद केलेली असेल तर निदान सांगायला कागद असतो.

प्रोग्रामिंगच्या आधी गाडीची बॅटरी तपासा. विश्रांतीत ती १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. आठवडाभर बंद पडलेल्या गाडीवर घाईनं मशीन लावलं आणि मध्येच व्होल्टेज बसलं, तर इमोबिलायझरच अर्धवट अवस्थेत अडकू शकतो. मी आधी चार्जर जोडतो, मग मशीन. गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं असलं तरी.

येताना आरसी बुक आणि ओळखपत्र मूळ स्वरूपात आणा. ‘भाऊ, ओळखीचा आहे, कागद नंतर दाखवतो’ हे मी ऐकत नाही. त्याच नियमानं तुमची गाडी दुसऱ्या कोणासाठी उघडली जात नाही. जो चावीवाला कागद न बघता काम करतो, त्याच्याकडे जाऊ नका.