घोड्याचा मागचा पाय अडखळतो तेव्हा
नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर फिरणारा घोडा मागचा एक पाय आखूड टाकू लागला, तर आधी खूर उचलून बघा. खुरात रुतलेला शिंपल्याचा तुकडाही त्याला पुरतो. सूज, ऊब किंवा लंगडणं दिसलं की स्वाऱ्या बंद, आधी पशुवैद्य. पाय मागे ताठ अडकून झटक्यानं सुटत असेल, तर बहुधा गुडघ्याची वाटी अडकते. अशा वेळी घोडा बांधून ठेवणं उलट नडतं. मांडीचे स्नायू भरायला हवेत. पशुवैद्यानं हरकत नाही म्हटलं की ओहोटीच्या घट्ट, ओल्या वाळूवर रोज 15-20 मिनिटं सरळ चालवा आणि हळूहळू वाढवा. किनारा उतरता असतो, म्हणून जितकं जाल तितकंच त्याच वाटेनं परत या, नाहीतर एकाच बाजूवर भार येतो. कोरड्या भुसभुशीत वाळूत मुळीच नको.